कोलारचे सोने आणि आमचे मामा



'राजे' या पुस्तकात आपण वाचतो की शलोमो राजाची गलबते एझियोन-गेबेरहून, म्हणजे आजच्या एलातच्या बाजूने, ओफीरला गेली आणि ४२० किक्कार सोने घेऊन आली. हे ओफीर नेमके कुठे, यावर पंडितांचे एकमत नाही. कुणी अरबस्तान म्हणतात, कुणी आफ्रिका. आपल्या कोकणातल्या जुन्या माणसांचे मात्र ठरलेले असे: ओफीर म्हणजे सोपारा, वसईजवळचे नालासोपारा. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हे नाव 'स'ने सुरू होते, हा त्यांचा पुरावा. माझे वडील तर हे इतक्या ठामपणे सांगत, की जणू माल मोजून घ्यायला तेच बंदरावर उभे होते.

माझ्या नातवाला दगडधोंड्यांचा फार नाद. त्याने एकदा सरळच विचारलं, "सावता, नालासोपाऱ्याला सोन्याची खाण आहे का?"

नाही. आणि नसण्याचं कारण आपल्या पायाखालीच होतं. कोकणात आणि घाटावर जो काळा दगड दिसतो तो थंड झालेला लाव्हा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो वाहत आला, थरावर थर बसला आणि सगळा मुलूख झाकून गेला. नवगाव-रेवदंड्याकडच्या आपल्या घरांची जोती त्याच दगडाची. पाटा-वरवंटा त्याचा, जातंही त्याचंच. त्यातून सगळं मिळालं, सोन्याची खाण काही मिळाली नाही. सोपाऱ्याहून कधी सोनं गेलंच असेल, तर ते घाट उतरून, बैलांच्या पाठीवरून, दूर दक्षिणेकडून आलेलं असणार. आणि दक्षिणेकडचं सोनं म्हटलं की दोन नावं पुढे येतात, हट्टी आणि कोलार. दोन्ही आजच्या कर्नाटकात. हट्टीच्या जुन्या खाणीत सापडलेल्या लाकडाचं वय शास्त्रज्ञांनी काढलं, ते सुमारे दोन हजार वर्षं भरलं. शलोमो राजाला झाली तीन हजार. मधली हजार वर्षं कशी भरून काढायची? त्यामुळे वडिलांच्या माघारीसुद्धा मला त्यांची बाजू घेता येत नाही.

कोलारबद्दल मात्र मला थोडं सांगता येईल. आमचे थोरले मामा तिथे खाणीच्या सर्व्हे ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. १९६१ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत आई मला घेऊन त्यांच्याकडे महिनाभर राहिली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. गाड्या बदलत बदलत बंगारपेटला उतरायचं, तिथून छोट्या फाट्यावरच्या गाडीने मारिकुप्पमपर्यंत. हा फाटा १८९४ साली खाणीसाठीच टाकलेला. मारिकुप्पमच्या पुढे तेव्हा रूळच नव्हते.

मला वाटलं होतं, सोन्याचं गाव म्हणजे कुठेतरी काहीतरी चमकत असेल. पाहते तो राखाडी रंगाचे मोठमोठे सपाट डोंगर. त्यांवर गवताची काडी नाही. मामांना विचारलं, हे कसले डोंगर? मामा म्हणाले, "अगं, सोनं काढून घेतल्यावर उरलेला हा चुरा." एवढा? "एवढाच नाही. आणखी आहे."

मामा माणूस अबोल, पण हातात पेन्सिल दिली की बोलायचे. एका रद्दी कागदावर त्यांनी मला कोलारची जमीन काढून दाखवली होती. ती अशी. आजूबाजूला सगळीकडे फिक्या रंगाचा, पट्ट्यापट्ट्यांचा कठीण खडक. त्याच्या मधोमध उत्तर-दक्षिण गेलेली काळसर हिरव्या खडकाची एक चिंचोळी पट्टी, लांबी सुमारे ८० किलोमीटर, रुंदी जेमतेम काही किलोमीटर. हा काळा खडकसुद्धा मुळात लाव्हाच, पण आपल्या कोकणातल्यासारखा कालपरवाचा नव्हे. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्राच्या तळाशी वाहिलेला. पुढे तो जमिनीत खोल दाबला गेला, भाजला गेला, घड्या पडून उभा झाला. या दाबाने त्याला भेगा पडल्या. त्या भेगांतून खोलवरून अतिशय गरम पाणी वर येत होतं, आणि त्या पाण्यात गारेचा अंश होता आणि कणभर सोनं विरघळलेलं होतं.

मुलांनो, इथे आपल्या किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो, अवनीत, तो पाहिलाय ना? पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की तळाला बसतो. कोलारला तसंच काहीसं घडलं, फक्त उलट्या रीतीने. गरम पाणी वर येता येता त्याची उष्णता आणि त्याच्यावरचा दाब कमी होत गेला, आणि भेगांच्या भिंतींवर गारेचा थर बसत गेला. त्या गारेत सोन्याचे कण अडकून राहिले. कोलारची सर्वांत नावाजलेली शीर म्हणजे 'चॅम्पियन लोड'. जाडी सरासरी मीटरभर, पण लांबीला काही किलोमीटर आणि खोली तर संपायलाच तयार नाही. मामांचं काम होतं ही शीर कागदावर उतरवायची, कारण ती घड्यांबरोबर वळते, बारीक होते, नाहीशी होते आणि पुन्हा जाड होऊन भेटते. बहुतेक सोनं डोळ्याला दिसतसुद्धा नसे. ऑफिसातला एक निळसर करडा दगड त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "यात सोनं आहे." मी उलटासुलटा करून पाहिला. माझी समजूत घालायला म्हणताहेत असंच मला वाटलं.

आता ही खाण कुणी शोधली? इंग्रजांच्या पुस्तकांत दोन नावं येतात. पहिलं लेफ्टनंट जॉन वॉरेन. १७९९ साली टिपू सुलतान श्रीरंगपट्टणला पडल्यावर म्हैसूर राज्याच्या हद्दी ठरवायचं काम निघालं, आणि १८०२ साली हा वॉरेन पूर्वेची हद्द मोजत होता. इथल्या मातीत सोनं असतं अशी वदंता त्याच्या कानावर आली. त्याने बक्षीस लावलं. तेव्हा उरिगाम गावची माणसं मातीने भरलेली बैलगाडी घेऊन आली आणि त्याच्यासमोर ती माती धुऊन त्यांनी सोन्याचे कण काढून दाखवले. साहेबाने हिशेब मांडला: ५६ किलो मातीला एक ग्रेन सोनं. ग्रेन म्हणजे गुंजेच्या साधारण निम्मं. तोळ्यात १८० ग्रेन. म्हणजे एक तोळा सोन्याला झाली दहा टन माती. मुलांनो, हा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा.

पण मला विचाराल तर वॉरेनने शोध लावला तो कागदावर. गावच्या लोकांना ठाऊक होतंच, नाहीतर बैलगाडी भरून कोण आणेल? त्यांच्याही आधी कुणीतरी तिथे खोल खड्डे खणून ठेवले होते. खडकाशेजारी जाळ करायचा, खडक तापला की तो तडकतो, मग कुटून धुवायचा, अशी जुनी रीत. त्या माणसांचं एक नावदेखील कुठे लिहिलेलं नाही.

वॉरेनचा वृत्तांत १८०४ साली छापून आला. पुढे साठ-सत्तर वर्षं कुणी ना कुणी खटपट करत राहिलं, हाती फारसं कुणाला लागलं नाही. मग दुसरं नाव येतं, मायकेल फिट्झगेराल्ड लॅव्हेल. हा आयरिश शिपाई न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांशी झालेल्या लढाईतून निवृत्त होऊन बंगलोर कँटोनमेंटमध्ये राहायला आलेला. न्यूझीलंडला त्या काळी सोन्याचीच हवा होती, ती याच्याही अंगात भिनली असावी. वॉरेनचा जुना वृत्तांत त्याच्या वाचनात आला आणि १८७१ साली तो बैलगाडीने कोलारकडे निघाला. म्हैसूर सरकारच्या मागे लागून लागून १८७५ साली त्याने वीस वर्षांचा पट्टा मिळवला. पण खोल खणायला लागतो पैसा, आणि तो त्याच्याकडे नव्हता. दोन वर्षांत त्याने आपला हक्क दुसऱ्यांना विकला.

१८८० साली लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली. भराभर खाणी निघाल्या, शेअर विकले गेले, आणि तीन-चार वर्षांत भांडवल खड्ड्यात गेलं, अगदी शब्दशः. गाशा गुंडाळायची वेळ आली होती. शेवटचा प्रयत्न म्हणून प्लमर नावाच्या खाणकऱ्याने जुन्या लोकांनी सोडून दिलेल्या खड्ड्यांच्याच खाली खणायला घेतलं. तिथे चॅम्पियन लोड लागली. म्हणजे बघा, विलायतेच्या एवढ्या जाणकारांना शेवटी वाट दाखवली ती त्या नाव नसलेल्या माणसांनीच. मामा ही गोष्ट फार रंगवून सांगायचे. इंग्रजांचा पराभव झाल्यासारखा त्यांना आनंद व्हायचा, पगार तिथेच घेऊनसुद्धा.

त्यानंतर मागे पाहायचं काम नव्हतं. १९०२ साली कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावरून सुमारे १५० किलोमीटर तारा ओढून खाणीला वीज आणली. आपल्या मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली, यावरून काय ते समजा. खाणीत कामाला माणसं आली ती बहुतेक तमिळ आणि तेलुगू मुलखातली गरीब शेतमजुरांची घरं. त्यांना राहायला 'लाईन्स', म्हणजे ओळीने बांधलेल्या एकेका खोलीची बिऱ्हाडं. १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ साली त्या केंद्र सरकारकडे गेल्या, आणि १९७२ पासून भारत गोल्ड माईन्स या सरकारी कंपनीकडे. आम्ही गेलो तेव्हा अर्थातच म्हैसूर सरकारचा अंमल होता.

खाणी खोल जात जात तीन किलोमीटरच्या खाली गेल्या, जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक. वरून तळापर्यंत एका पिंजऱ्याने जाता येत नसे. खाली खडकालाच साठ अंशांवर उष्णता, गार हवा वरून सोडावी लागे. आणि एवढ्या खोल पोकळी केली की वरचा भार कुठेतरी निसटतोच. खडक अचानक फुटतो, त्याला रॉक बर्स्ट म्हणतात. आमच्या मुक्कामात एकदा दुपारी जमिनीखालून धप्प असा आवाज आला आणि फळीवरची भांडी खणखणली. मी भूकंप म्हणून आईला बिलगले. मामी पदराला हात पुसत दारात जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर पाहिलं तर प्रत्येक घराच्या दारात एकेक बाई उभी. कुणी बोलत नव्हतं. सगळ्याजणी खाणीकडे कान लावून होत्या. थोड्या वेळाने एकेक करून सगळ्या आत गेल्या, आणि मामींनी पुन्हा पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी कुणाला काही झालं नव्हतं.

पण माणसं जास्त गेली ती अशा आवाजाने नव्हेत. मामींकडे धुणंभांडी करायला एक अक्का यायच्या. त्यांचा नवरा खाणीत ड्रिलवर होता, म्हणजे खडकाला भोकं पाडायच्या कामावर. मी पाहिलं तेव्हा त्याला काम सुटलं होतं. खोलीच्या पायरीवर तो दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसलेला असे. मान आत-बाहेर व्हायची. वय पस्तीस-चाळीसच्या वर नसावं. मी आईला विचारलं, हे असे का बसतात? आई म्हणाली, दमा असेल.

पुढे मुंबईला नर्सिंग शिकताना वॉर्डात तसं बसलेला पेशंट पाहिला आणि अक्कांचा नवरा आठवला. तो दमा नव्हता. गारेचा दगड कोरडा फोडला की त्याची इतकी बारीक धूळ उडते की ती नाकाच्या केसांत अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचते. तिथे शरीराच्या पहारेकरी पेशी त्या कणाला गिळतात. जंतू असता तर पचवला असता, पण दगड पचत नाही. पेशीच मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. प्रत्येक वेळी थोडा व्रण पडतो. वर्षानुवर्षं असं चालून फुप्फुस स्पंजाचं चामडं होतं. एक्स-रेवर दोन्ही बाजूंना बारीक पांढरे ठिपके दिसतात. या रोगाचं नाव सिलिकोसिस. त्यावर औषध नाही, आणि त्यात क्षयही लवकर शिरतो. म्हैसूर संस्थानाने १९४० साली या रोगाबद्दल नियम केले, आणि १९४० ते १९४६ या काळात कोलारच्या सात हजारांवर कामगारांची तपासणी झाली. दहात चाराहून जास्त जणांना हा रोग निघाला. पुढे पाणी मारून भोकं पाडायची पद्धत आली, धूळ कमी झाली. पण आत गेलेली धूळ बाहेर काढायची पद्धत कुणाला सापडलेली नाही.

इस्रायलला आल्यावर मला वाटलं, हा रोग मागेच राहिला. पण निवृत्तीच्या आधीची काही वर्षं मी फुप्फुसाच्या वॉर्डात होते, तेव्हा पुन्हा तसेच हात गुडघ्यांवर रोवून बसलेले पुरुष दिसू लागले. हे खाणीतले नव्हते, स्वयंपाकघरातल्या ओट्याचे शाइश कापणारे होते. कृत्रिम दगडाचा जो गुळगुळीत ओटा आता घरोघर असतो, त्यात ८५ टक्क्यांहून जास्त गारेचाच अंश असतो. इथल्या डॉक्टरांनी २०१२ साली यावर लेख छापला. त्यात १९९७ ते २०१० या काळात फुप्फुस बदलण्यासाठी पाठवलेल्या २५ कामगारांची हकीकत होती. मी पेशंटना विचारायची, "पाणी सोडून कापत होता का?" बहुतेकजण मान हलवायचे, कोरडंच कापत होतो. बालमित्रांनो, तुमच्या घरी ओटा बसवायला माणसं आली आणि आत कोरडं कापू लागली, तर आईबाबांना सांगा. आणि त्या माणसांनाही सांगा.

कोलारची एक चांगली गोष्टही सांगायला हवी, आणि ती आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. खोल खाणीत वरचा खडक आकाशातून येणारे बहुतेक सगळे किरण अडवतो. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चॅम्पियन रीफ खाणीत २.३ किलोमीटर खाली आपली यंत्रं मांडली. १९६५ साली त्यांनी, जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठांतल्या मंडळींबरोबर, हवेच्या वरच्या थरांत जन्मलेल्या न्यूट्रिनो या कणांची चाहूल टिपली. असे निरीक्षण जगात तेव्हा पहिल्यांदाच होत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीतही त्याच सुमारास तसाच शोध लागला. मामा म्हणायचे, "सोनं शोधायला निघालो आणि ज्याला वजनच नाही असं काहीतरी सापडलं." न्यूट्रिनोला अगदी नावापुरतं वजन असतं हे नंतर सिद्ध झालं, पण तोवर मामा निवृत्त होऊन ठाण्याला आले होते.

सोनं मात्र खोल जाऊ तसं महाग पडू लागलं. सुरुवातीच्या काळात टनाला कित्येक तोळे देणारा खडक शेवटी टनामागे तीन-चार ग्रॅमवर आला. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. मामा तेव्हा ऐंशीचे. त्यांनी मला पत्रात लिहिलं होतं की आता पंप थांबतील आणि सगळं पाण्याने भरेल, त्यांनी काढलेले सगळे नकाशे आता फक्त माशांच्या उपयोगाचे. मामांना विनोद सुचायचा तो असा.

सव्वाशे वर्षांत कोलारने सुमारे ८०० टन सोनं दिलं. ऐकायला खूप वाटतं. पण सोनं जड असतं, जागा थोडी घेतं. मी नातवाला हिशेब करायला लावला. ते सगळं सोनं एकत्र वितळवलं तर बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा एका खोलीत मावेल. भायखळ्याला चाळीत आम्ही आठ माणसं राहायचो ती खोली साधारण तेवढीच. आणि उरलेला चुरा? त्याचे तेरा डोंगर तिथे आजही उभे आहेत, सुमारे ३ कोटी ३० लाख टन. सोनं काढायला वापरलेल्या सायनाइडवरून लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. वारा सुटला की ती राखाडी धूळ गावभर उडते, अंगणात, पाण्याच्या हंड्यात, वाळत घातलेल्या कपड्यांवर. अक्का रोज सकाळी आधी हंडे पुसायच्या आणि मगच पाणी भरायच्या.

आता त्या चुऱ्यात शिल्लक राहिलेलं थोडंसं सोनं नव्या पद्धतीने काढायचं घाटत आहे. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने केंद्राच्या त्या प्रस्तावाला मंजुरी दिली. गावात रोजगार नाही. खाणकामगारांची मुलं-नातवंडं पहाटेची गाडी पकडून बंगलोरला कामाला जातात आणि रात्री परततात. त्यामुळे काम निघालं तर ते हवंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की डोंगर उपसायच्या आधी तिथे पाण्याचे पाइप पोचलेले असावेत, आणि जो फावडं हातात घेईल त्याच्या छातीचा एक्स-रे कामाच्या पहिल्या दिवशी काढून ठेवावा, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हा रोग त्याला आधीपासूनच होता. आम्ही नर्सेस नव्या पेशंटचं वजन पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या मंडळींपैकी आणखी कुणाचे वडील, काका, मामा कोलारला नोकरीला होते का? असतील तर जुने फोटो, पत्रं, जे असेल ते शोधून संपादकांकडे पाठवा. मामांनी रद्दी कागदावर काढलेला तो नकाशा मी मुंबई सोडताना बरोबर आणला आहे, कडा फाटल्या आहेत पण रेघा स्पष्ट आहेत. कुणाला पाहायचा असेल त्याने घरी यावं.